आघारकर सर : एका गुरुजींची आठवण

दिंडीच्या शंभरीच्या पुस्तकात संतांची चरित्रं आहेतच. मी चौथी शिकलेला शेतकरी, पण एका गुरुजींची आठवण इथं व्हावी असं वाटलं.

प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, जन्म 18 नोव्हेंबर 1884. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि सह्याद्रीत हिंडून झाडं, जीवजंतू गोळा करायचे. 1911 च्या सुमारास सातारा भागात कृष्णेच्या खोऱ्यात त्यांना छत्रीसारखा, काचेगत जीव घावला, जेलीफिश. असले जीव समुद्राचे. गोड्या पाण्यातली ती जातकुळी तोवर आफ्रिकेतच ठाऊक होती. नरसोबावाडीला आपण जिच्यात बुडी मारतो, त्याच कृष्णामाईच्या घरचा हा जीव!

पुढं कलकत्ता विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक झाले. जर्मनीत गेले तवर 1914 चं महायुद्ध पेटलं, इंग्रजांची प्रजा म्हणून अटकेत पडले. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. 1946 ला निवृत्त झाल्यावर घरी न बसता पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. 1960 ला देह ठेवीपर्यंत तिची सेवा केली, मिळकतही तिलाच दिली. आज तिथल्या संशोधन संस्थेला त्यांचंच नाव आहे.

सोयाबीनच्या पिशवीवरचं एमएसीएस 1188 वाचून मी पेरत आलो. ती अक्षरं ह्याच संस्थेची, हे नातवानं सांगितलं. लाज वाटली. कीर्तनात दानाचा महिमा सांगतो, आणि ज्याच्या दानाचा दाणा घरात येतो त्याचं नाव माहीत नाही!

यंदा पहिली मूठ सोडताना विठ्ठलामागं सरांचंही नाव घेतलं. तुम्हीही घ्यावं. रामकृष्णहरी.