औंधचे राजेसाहेब

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीस्नान उरकून वृद्ध मंडळी पायऱ्या चढू लागली की निम्म्या वाटेत एकदा तरी थांबतात. नातवंडे तोवर वर जाऊन पुन्हा खाली आलेली असतात. हे दृश्य पाहून आम्हांस औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे स्मरण होते. वार्धक्याशी झुंजण्याचा ध्यासच या पुरुषाने घेतला होता.

त्यांचा जन्म १८६८ चा. तारुण्यात त्यांनी सँडोच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींचे पाहून सूर्यनमस्कारांचा नेम धरला, तो उतारवयातही सोडला नाही. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. (ही सक्ती मुलांस कितपत रुचली असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनीच करावी!) १९३८ मध्ये त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. पण नमस्कार स्वतःकडेच ठेवले.

नमस्कारांनी बहुतेक व्याधी हटतात, हा त्यांचा दावा आम्हांस अतिशयोक्तीचा वाटतो. मात्र स्नायूंविषयीचा त्यांचा विश्वास अगदीच निराधार नव्हता. स्नायूच्या तंतूला बिलगून काही मूलपेशी निद्रिस्त असतात. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते व त्या तुटलेला भाग सांधतात; काही पुन्हा पहाऱ्यावर झोपी जातात. वय वाढले की त्या संख्येने घटतात आणि हाक ऐकूनही उशिरा उठतात. म्हणून आजोबांची दुखापत रेंगाळते व सांधलेल्या जागी चरबी किंवा व्रणाची ऊती भरते.

मग त्या पेशी निकामीच झाल्या काय? २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी म्हाताऱ्या व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडून पाहिले, तेव्हा म्हाताऱ्यांचे स्नायू अधिक चांगले भरून येऊ लागले. दोष केवळ पेशींचा नव्हे, भोवतालच्या संदेशांचाही होता. माणसांत असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नाही. परंतु १९९० मध्ये बोस्टन येथे नव्वदीतील अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजने उचलावयास लावली, तेव्हा त्यांचे बळ दुपटीहून अधिक वाढले.

राजेसाहेब १९५१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी निवर्तले. अलेक्झांडर मॉरो यांनी या पेशींचे प्रथम वर्णन केले, ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९६१ मध्ये.