सुरतेच्या डॉक्टरीणबाई

सुरतेहून निघालेला लोहमार्ग विरार, वसई ओलांडून १८६४ साली मुंबईला पोचला. त्याच साली २२ नोव्हेंबरला मुंबईत जयंतीबाई नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला मुलगी झाली. ही मुलगी पुढे डॉक्टर होऊन सुरतेस गेली आणि तिथेच तिने उमेदीची वीसहून अधिक वर्षे काढली. आपण रोज ज्या गाड्यांतून लोंबकळत कॉलेज गाठतो, त्यांच्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला डॉ. रखमाबाईंचे काम उभे राहिले. इतिहासाच्या वर्गात रखमाबाईंची ओळख होते ती त्यांच्या खटल्यापुरती. निकाल लागला की पाठ संपतो. मला मात्र निकालानंतरच्या रखमाबाईंबद्दल लिहायचे आहे. पण खटला वगळून तिथवर जाता येत नाही, तेव्हा आधी तो थोडक्यात सांगते.

रखमाबाई अडीच वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले आणि जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. जात सुताराची, तिच्यात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळ स्थापन झाले तेव्हा संस्थापकांत तेही होते. घर सुधारकी, पुस्तकांचे. तरी रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. सुधारकांच्या घरीही हे चालत असे, त्याचे आज नवल वाटते. वर दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. मुलगी माहेरीच राहिली, वाचत गेली आणि मोठी झाल्यावर नांदायला जायला तयार होईना. दादाजीने १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा निकाल दिला. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. महाराष्ट्र दुभंगला. केसरीने त्यांच्याविरुद्ध लेखणी चालवली, तर बेहरामजी मलबारींनी त्यांची बाजू लावून धरली. व्हिक्टोरिया राणीने हे लग्न मोडले, अशी एक कथा अजूनही सांगितली जाते. प्रत्यक्षात १८८८ च्या जुलैत तडजोड झाली, दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. राणीची कथा ऐकायला बरी वाटते, हिशेबाची वाटत नाही. म्हणूनच ती टिकली असावी. दादाजीने मागितला तो उपाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून शिल्लक राहिला, हेही जाता जाता सांगते.

आता माझ्या विषयाकडे वळते. खटला चालू असताना रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने पत्रे लिहिली, १८८५ साली. विषय बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य. पंधराव्या वर्षी आई, सतराव्या वर्षी विधवा, हे त्यांच्या स्वतःच्या घरातले. कोवळ्या वयात लग्न, मग शाळा बंद, मग अंगात बळ नसताना बाळंतपण, ही साखळी त्यांना वैद्यकाचे पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक होती. रोगाच्या मुळाशी समाजातली उतरंड असते, हे अलीकडे पदव्युत्तर वर्गांत शिकवतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही गेल्या काही वर्षांत असा अभ्यासक्रम चालला. रखमाबाईंच्या काळी त्या विषयाला नावसुद्धा नव्हते.

उणीव मात्र उघड दिसत होती. पडद्यातली बाई परपुरुषाला नाडी दाखवायची नाही, मग तो डॉक्टर का असेना. बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात म्हणून मुंबईत वर्गणी जमली, पेस्तनजी कामांनी इस्पितळासाठी देणगी दिली आणि विलायतेहून डॉ. ईडिथ पीची आल्या. १८८६ साली कामा इस्पितळ उघडले, त्याच्या प्रमुख याच. पीचीबाईंची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एडिनबरोत रसायनशास्त्रात वरचा क्रमांक मिळवूनही, केवळ बाई म्हणून, त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. रखमाबाईंना वैद्यकाकडे वळवण्यात आणि पैसा उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१८८९ साली रखमाबाई लंडनला पोचल्या. तिथले स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय १८७४ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांनी खटपट करून काढलेले. इस्पितळे विद्यार्थिनींना वॉर्डात पाऊल टाकू देत नसत, तेव्हा १८७७ पासून रॉयल फ्री इस्पितळाने दार उघडले. रखमाबाईंचे रुग्णांजवळचे शिक्षण तिथेच झाले. लंडनची मोठी वैद्यकीय महाविद्यालये मात्र अजून स्त्रियांची परीक्षाच घेत नव्हती, म्हणून पदवीसाठी स्कॉटलंडला जाऊन परीक्षा द्याव्या लागल्या आणि एम.डी.साठी ब्रसेल्स गाठावे लागले. एकाच विद्येसाठी तीन-तीन देशांची दारे ठोठावायची! १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. आनंदीबाई जोशी १८८६ सालीच अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या. पण रुग्ण तपासायला बसण्याआधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. त्यामुळे आपल्या मराठी मुलखातली परदेशी शिकलेली डॉक्टरीण प्रत्यक्ष काय करू शकते, हे बघायचे तर रखमाबाईंकडेच बघावे लागते.

१८९५ साली त्या सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. इमारत होती, औषधे होती, डॉक्टरीणही बाईच होती. तरी बायका बाळंतपणाला येईनात. इस्पितळात जाणे म्हणजे मरायला जाणे, अशी समजूत. सांगतात की रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिची सुटका केली आणि आई-पिल्लू दोन्ही सुखरूप असल्याचे आसपासच्या बायकांना दाखवले. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, मला ती पटते. लंडनच्या कुठल्याही परीक्षेत हा प्रश्न आला नसेल.

माझ्या आजीची सातही बाळंतपणे आगाशीच्या घरात सुइणीच्या हातून झाली. त्यांतली दोन मुले जगली नाहीत. दवाखाना काही फार लांब नव्हता. पण तपासणारा पुरुष, म्हणून घरात कुणी ते नावच काढले नाही. मागल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही हमरस्त्याच्या पूर्वेकडच्या एका वारली पाड्यावर होतो. दवाखान्यात का जात नाही, असे विचारल्यावर एका बाईने मला बोटांवर मोजून दाखवले: बुडालेली दिवसाची मजुरी, रिक्षाचे भाडे, घरी ठेवलेली लहान पोरे, आणि तिथे कुणीतरी तोंड वाकडे करून बोलते ते. पडदा तिच्या यादीत नव्हता, पण दार तिलाही बंदच होते. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. ती गावे आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहेत.

रखमाबाईंच्या सुरतेच्या वर्षांत सुख थोडे असणार. मुंबईत १८९६ साली आलेला प्लेग गुजरातेत शिरला, त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ पडला. सरकारी वैद्यकीय सेवेतली जागा पुढे चालून आली तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि १९१७-१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या संस्थानी जनाना इस्पितळात गेल्या. मानाची नोकरी सोडून पुन्हा बायकांच्याच इस्पितळात का, याचे उत्तर मी त्यांच्या एकंदर आयुष्यात शोधते. जिथे दाराशीच बाई अडते तिथे आपण असावे, असे त्यांना वाटत असावे.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. १९०४ साली दादाजी वारला. ज्याच्याकडे नांदण्यापेक्षा तुरुंग पत्करला होता, त्याच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. काही जण याला पराभव मानतात. मला तसे म्हणवत नाही. विधवेच्या वेषातली डॉक्टरीण सुरतेच्या जुन्या घरांत अधिक सहज आत जाऊ शकली असेल, असाही माझा एक तर्क आहे, पण तो तर्कच. मन तर्काने भागत नाही.

१९२९ च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईस परतल्या. त्याच साली त्यांनी पडदा का मोडला पाहिजे, यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. पस्तीस वर्षे पडद्याआडच्या बायका तपासल्यावर हा निष्कर्ष निघाला होता. दाराआडच्या बाईला डॉक्टर पुरवायची, की दारच काढून टाकायचे? आयुष्यभर त्यांनी पहिले काम केले आणि पासष्टाव्या वर्षी दुसरे मागितले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या मुंबईत वारल्या.