ऑपरेटिंग सिस्टीमच नव्हती, तेव्हा मुंबईत कम्प्युटर सुरू कसा व्हायचा?

अर्धापूर असो की मुंबई, लिनक्सवर चालणारा सर्व्हर कधीकधी सुरू होता होता मध्येच अडकतो. काळ्या स्क्रीनवर फक्त 'ग्रब' हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. इथे माउसचा उपयोग नसतो. डिस्क कोणती, तिच्यातली कर्नलची फाइल कोणती, हे एकेक कमांड टाइप करून सांगायचं आणि शेवटी 'बूट' लिहून एंटर दाबायचं. कर्नल मेमरीत येतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहते.

थोडक्यात, छोटा प्रोग्रॅम मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो. पण उठवायला ऑपरेटिंग सिस्टीमच नसेल तर? भारतात अशाच मशीनपासून सुरुवात करणारं नाव म्हणजे रंगस्वामी नरसिंहन.

नरसिंहन यांचा जन्म 1926 चा, चेन्नईचा. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून त्यांनी गणितात पीएचडी केली. 1954 मध्ये ते परतले आणि होमी भाभांच्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. काम मिळालं ते कम्प्युटर बनवण्याचं. हाताशी होती तरुण मुलांची छोटी टीम आणि त्यातल्या कुणीही आधी कम्प्युटर बनवलेला नव्हता.

टीमने आधी छोटं प्रायोगिक मशीन बनवलं. ते चाललं, मग मोठं हाती घेतलं. 1960 मध्ये ते कामाला लागलं. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब आणि फक्त 2,048 शब्दांची मेमरी! 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं.

टिफ्रॅकमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून तयार करायचा, ती पट्टी मशीनला वाचायला द्यायची आणि ऑपरेटरने कन्सोलवरून कारभार सांभाळायचा. आज बूटलोडर आणि कर्नल जे आपोआप करतात, त्यातलं बरंचसं तेव्हा माणसाच्या हातात होतं.

पण टिफ्रॅक पूर्ण होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे कम्प्युटर आले होते. 1964 मध्ये टीआयएफआरनेही अमेरिकेहून सीडीसी 3600 हे मोठं मशीन आणलं. मग एवढी वर्षं वाया गेली का?

उत्तर पुढच्या काळात मिळालं. कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष नरसिंहन झाले. 1970 च्या दशकात सरकारने कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी ही कंपनी काढली, तिचे पहिले चेअरमनही तेच. 1977 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. देशभरातली आयबीएमची मशीन आता कोण सांभाळणार? ती जबाबदारी सीएमसीने उचलली. पुढे रेल्वे आरक्षण कम्प्युटरवर आणण्याचं कामही याच कंपनीने केलं.

2007 मध्ये नरसिंहन यांचं निधन झालं. टिफ्रॅक तर 1960 च्या दशकातच निवृत्त झाला होता. पण तो घडवताना इथल्या लोकांनी मशीन आतून समजून घेतलं होतं. विकत घेतलेलं मशीन विकणारा निघून गेल्यावर बंद पडू द्यायचं नसेल, तर ते मुळापासून सुरू करता येणारी माणसं आपल्याकडे असावी लागतात. टिफ्रॅकची खरी कमाई तीच.