व्हिन्स लोंबार्डी

व्हिन्सेंट थॉमस लोंबार्डी (११ जून, इ.स. १९१३ - ३ सप्टेंबर, इ.स. १९७०) हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते. इ.स. १९५९ ते १९६७ या काळात ते विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पॅकर्सनी सात वर्षांत नॅशनल फुटबॉल लीगची पाच अजिंक्यपदे आणि पहिले दोन सुपर बोल सामने जिंकले. सुपर बोलच्या विजेत्या संघास दिला जाणारा चषक त्यांच्या नावाने ओळखला जातो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकपद मिळाले तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षांचे होते आणि या पदावर त्यांनी अवघे दहा हंगाम काढले. त्यांपैकी एकाही हंगामात त्यांच्या संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले नाहीत.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

लोंबार्डी यांचा जन्म न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात एका इटालियन वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. पाच भावंडांत ते सर्वांत थोरले होते. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी त्यासाठी पूर्वतयारी करून घेणाऱ्या विद्यालयात प्रवेश घेतला. परंतु चार वर्षांनंतर तो मार्ग सोडला. दररोज चर्चमध्ये जाऊन प्रार्थनेस उपस्थित राहण्याचा नेम मात्र त्यांनी पुढे आयुष्यभर पाळला.

त्यानंतर ते जेझुइट धर्मसंघाच्या फोर्डहॅम विद्यापीठात फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाले. तेथे ते गार्ड या जागेवर खेळत. अमेरिकन फुटबॉलमध्ये गार्डच्या हाती सहसा चेंडू येत नाही. समोरच्या खेळाडूस रोखून आपल्या सहकाऱ्याला वाट करून देणे हे त्याचे काम असते. इ.स. १९३६ मधील फोर्डहॅमच्या सात खेळाडूंच्या भक्कम आघाडीस वृत्तपत्रांनी ग्रॅनाइटचे सात चिरे असे नाव दिले होते. लोंबार्डी त्या सातांपैकी एक होते. इ.स. १९३७ मध्ये ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी कायद्याचे शिक्षणही घेतले, परंतु ते पूर्ण केले नाही.

शिक्षक व सहायक प्रशिक्षक

इ.स. १९३९ मध्ये लोंबार्डी न्यू जर्सी राज्यातील एंगलवूड येथील सेंट सिसिलिया या कॅथलिक शाळेत शिक्षक झाले. तेथे ते लॅटिन, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय शिकवीत आणि फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून काम पाहत. इ.स. १९४० मध्ये त्यांचा मेरी प्लॅनिट्झ यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षांनी ते शाळेच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या विद्यार्थ्यास विषय समजेपर्यंत पुढे जायचे नाही, ही त्यांची अध्यापनाची रीत होती. व्यावसायिक खेळाडूंना शिकवतानाही त्यांनी तीच रीत ठेवली.

इ.स. १९४७ मध्ये ते फोर्डहॅमला परतले आणि इ.स. १९४९ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत अर्ल ब्लेक यांचे सहायक झाले. योजना मोजक्या ठेवाव्यात आणि त्या निर्दोष होईपर्यंत घोटून घ्याव्यात, हा धडा त्यांनी ब्लेक यांच्याकडून घेतला. इ.स. १९५४ मध्ये न्यू यॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाने आक्रमणाची बाजू त्यांच्याकडे सोपवली. त्याच संघात बचावाची धुरा टॉम लँड्री यांच्याकडे होती. इ.स. १९५६ मध्ये जायंट्सनी शिकागो बेअर्सचा ४७-७ असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले.

ग्रीन बे पॅकर्स

ग्रीन बे पॅकर्सची स्थापना इ.स. १९१९ मध्ये कर्ली लँबो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी केली. मांस डबाबंद करणाऱ्या एका स्थानिक कंपनीने गणवेशासाठी दिलेल्या पैशांवरून संघास पॅकर्स हे नाव मिळाले. इ.स. १९२३ पासून या संघाची मालकी नागरिकांकडे आहे. भागधारकांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्याने विकताही येत नाहीत. लँबो यांच्या कारकिर्दीत संघाने सहा अजिंक्यपदे जिंकली, परंतु इ.स. १९४८ पासूनच्या ११ हंगामांत एकदाही विजयांची संख्या पराभवांपेक्षा अधिक झाली नाही. इ.स. १९५८ मध्ये १२ सामन्यांपैकी केवळ एक सामना जिंकता आला. लीगमधील इतर बहुतेक लहान गावांचे संघ तोवर बंद पडले होते किंवा मोठ्या शहरांत गेले होते. सुमारे ६३ हजार वस्तीच्या ग्रीन बेलाही आपला संघ हातचा जाण्याची भीती होती.

इ.स. १९५९ च्या प्रारंभी संघाच्या संचालक मंडळाने लोंबार्डी यांना मुख्य प्रशिक्षक व महाव्यवस्थापक ही दोन्ही पदे दिली. संघाविषयीचे सर्व निर्णय आपल्याच हाती असावेत, ही अट त्यांनी घातली होती. २७ सप्टेंबर, इ.स. १९५९ रोजी झालेल्या पहिल्याच सामन्यात पॅकर्सनी शिकागो बेअर्सला ९-६ असे हरवले आणि खेळाडूंनी लोंबार्डी यांना खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. तो हंगाम सात विजय व पाच पराभवांसह संपला.

इ.स. १९६० च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सनी पॅकर्सना १७-१३ असे नमवले. फील्ड गोलचे हमखास गुण घेण्याऐवजी टचडाउनसाठी केलेले प्रयत्न त्या दिवशी फसले होते. बाद फेरीतील लोंबार्डी यांचा हा एकमेव पराभव होय. पुढील वर्षी पॅकर्सनी न्यू यॉर्क जायंट्सला ३७-० असे हरवून अजिंक्यपद मिळवले आणि इ.स. १९६२ मध्ये त्याच संघावर १६-७ अशी मात करून ते राखले. इ.स. १९६३ मध्ये संघाचे प्रमुख खेळाडू पॉल हॉर्नंग यांना सामन्यांवर पैज लावल्याबद्दल लीगने निलंबित केले. त्या व पुढील वर्षी अजिंक्यपद हुकले. त्यानंतर इ.स. १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन अजिंक्यपदे संघाने जिंकली. १५ जानेवारी, इ.स. १९६७ रोजी लॉस एंजेलस येथे झालेल्या पहिल्या सुपर बोलमध्ये पॅकर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सचा ३५-१० असा पराभव केला.

हिमसामना

३१ डिसेंबर, इ.स. १९६७ रोजी ग्रीन बे येथे झालेला डॅलस काउबॉईजविरुद्धचा अंतिम सामना आइस बोल या नावाने प्रसिद्ध आहे. काउबॉईजचे प्रशिक्षक लोंबार्डी यांचे जुने सहकारी टॉम लँड्री हे होते. तापमान उणे २५ अंश सेल्सियसच्या आसपास होते. मैदान गोठू नये म्हणून लोंबार्डी यांनी जमिनीखाली विजेच्या तारांची यंत्रणा बसवून घेतली होती. ती निकामी ठरली आणि मैदानाचा बर्फ झाला. तरीही ५० हजारांहून अधिक प्रेक्षक अखेरपर्यंत बसून राहिले.

सामन्याची १६ सेकंदे उरली असताना पॅकर्स तीन गुणांनी मागे होते आणि गोलरेषा एक यार्डापेक्षाही जवळ होती. फील्ड गोल मारून बरोबरी साधणे शक्य होते. खेळ थांबवून घेण्याच्या सर्व संधी संपल्या होत्या; त्यामुळे धाव अडवली गेली असती तर दुसऱ्या प्रयत्नास वेळ उरला नसता. लोंबार्डी यांनी धाव घेण्यास संमती दिली. क्वार्टरबॅक बार्ट स्टार गार्ड जेरी क्रेमर व सेंटर केन बोमन यांनी काढून दिलेल्या फटीतून गोलरेषेपलीकडे गेले आणि पॅकर्स २१-१७ असे विजयी झाले. दोन आठवड्यांनी मायामी येथे त्यांनी ओकलंड रेडर्सला ३३-१४ असे हरवून दुसरा सुपर बोल जिंकला. ग्रीन बेचे प्रशिक्षक म्हणून लोंबार्डी यांचा तो शेवटचा सामना ठरला.

प्रशिक्षणपद्धती

लोंबार्डी यांची सर्वांत प्रसिद्ध योजना पॅकर्स स्वीप ही होय. तिच्यात गुप्तता मुळीच नव्हती. जेरी क्रेमर व फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड आपली जागा सोडून चेंडू घेतलेल्या हॉर्नंग किंवा जिम टेलर यांच्यापुढे बाजूला धावत, आणि चेंडू घेतलेला खेळाडू जेथे मोकळी जागा दिसेल तेथून पुढे घुसे. प्रतिस्पर्ध्यांना ही योजना ठाऊक असे. तरीही प्रत्येक खेळाडूचे पाऊल इतके पक्के बसवलेले असे की ती अडवणे अवघड जाई. फळ्यासमोर उभे राहून या एकाच योजनेवर ते तासन्‌तास बोलत. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटे आधी न येणारा खेळाडू उशिरा आला असे मानले जाई.

त्यांनी घडवलेल्या संघातील बरेच खेळाडू ते येण्यापूर्वीच ग्रीन बेमध्ये होते. इ.स. १९५६ च्या निवडीत दोनशेव्या क्रमांकावर घेतलेले बार्ट स्टार हे त्यांपैकीच एक.

भेदभावाविषयी भूमिका

इटालियन नावामुळे आपणास बढती मिळण्यास विलंब झाला, अशी लोंबार्डी यांची भावना होती. वर्ण किंवा धर्म यांवरून संघात कोणी कोणास हिणवले तर त्यास काढून टाकले जाईल, असे त्यांनी बजावले होते. कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नाकारणाऱ्या उपाहारगृहांत संघातील कोणीही जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. विली डेव्हिस, विली वूड आणि हर्ब ॲडर्ली हे कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या संघाचे आधारस्तंभ झाले. त्यांचे बंधू हॅरोल्ड समलिंगी होते, आणि समलिंगी खेळाडूंचा उपहासही लोंबार्डी खपवून घेत नसत.

वॉशिंग्टन व अखेर

इ.स. १९६८ मध्ये लोंबार्डी केवळ महाव्यवस्थापक राहिले. परंतु मैदानाबाहेर त्यांचे मन रमले नाही. पुढील वर्षी ते वॉशिंग्टन रेडस्किन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथे नवोदित खेळाडू लॅरी ब्राउन यांना ऐकू कमी येते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ब्राउन यांच्या शिरस्त्राणात श्रवणयंत्र बसवून घेतले. त्या वर्षी संघाने सात सामने जिंकले, पाच गमावले आणि दोन बरोबरीत सोडवले. इ.स. १९५५ नंतर प्रथमच वॉशिंग्टनचे विजय पराभवांपेक्षा अधिक झाले.

जून १९७० मध्ये त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. ३ सप्टेंबर रोजी वयाच्या ५७व्या वर्षी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाल्यावर न्यू जर्सीतील मिडलटाउन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन व वारसा

विजयाखेरीज दुसरे काहीही मोलाचे नाही, अशा आशयाचे एक वचन लोंबार्डी यांच्या नावावर सांगितले जाते. ते त्यांच्यापूर्वीच रेड सँडर्स या प्रशिक्षकांनी वापरले होते. लोंबार्डी यांनीही ते खेळाडूंसमोर उच्चारले होते. परंतु आपणास विजयापेक्षा विजयासाठीचा पराकोटीचा प्रयत्न अभिप्रेत होता, असे ते पुढे सांगत. त्यांच्या कठोर बोलण्याने अनेक खेळाडू दुखावले, आणि कामाच्या ध्यासामुळे पत्नी व दोन मुलांच्या वाट्याला ते फार थोडे आले, याची नोंद त्यांच्या चरित्रकारांनी घेतली आहे.

इ.स. १९७१ मध्ये त्यांचा समावेश प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला. त्याच वर्षीच्या सुपर बोलपासून विजेत्यांच्या चांदीच्या चषकास व्हिन्स लोंबार्डी चषक असे नाव देण्यात आले. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कर्करोग केंद्रास त्यांचे नाव आहे, तर ग्रीन बे येथील मैदानालगतचा रस्ता लोंबार्डी ॲव्हेन्यू म्हणून ओळखला जातो. त्यांच्यानंतर पॅकर्सना पुन्हा सुपर बोल जिंकण्यासाठी जानेवारी १९९७ पर्यंत वाट पाहावी लागली. पॅकर्स संघ आजही ग्रीन बे शहरातच असून त्याची मालकी नागरिकांकडेच आहे.