शंकरराव चव्हाण : पाणी आणि वीज

१९२० साली पैठणला जन्मलेले शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष, राज्याचे पाटबंधारे मंत्री व पुढे मुख्यमंत्री झाले. गोदावरी अडविल्याखेरीज मराठवाड्याचा उद्धार नाही, ही त्यांची निष्ठा होती. १९७६ मध्ये, त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, जायकवाडीचे लोकार्पण झाले. नांदेडजवळ विष्णुपुरीची उपसा योजना उभी राहिली. २००४ मध्ये ते निवर्तले.

परंतु उपसा विजेवर चालतो, आणि राज्याची बहुतांश वीज कोळशाची. त्या विजेलाही पाणी लागते. २०१३ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडले. २०१६ मध्ये लातूरला पाण्याची आगगाडी आली. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापते आहे, पाऊस बेभरवशाचा होतो आहे. अशा वेळी शंकररावांनी अडविलेले पाणी शेतापर्यंत पोहोचवायचे, तर ते सूर्याच्या विजेने उपसणे हेच शहाणपणाचे होय.