डार्विनने पुरावाच खाल्ला होता!

बावीस वर्षांचे आहात? ग्रॅज्युएशन झालंय, पुढे काय करायचं ठरत नाहीये आणि घरात तुमच्या करिअरवरून रोज काहीतरी चालू असतं? मग चार्ल्स डार्विन तुम्हाला जवळचा वाटेल. पाठ्यपुस्तकातल्या फोटोतला पांढऱ्या दाढीचा म्हातारा नव्हे. त्याच्या आधीचा, खादाड आणि जरा धांदरट मुलगा.

1809 मध्ये इंग्लंडमधल्या श्रूझबरीत डॉक्टरच्या घरी जन्म. वडिलांनी मेडिकलला एडिंबराला पाठवलं, पण ऑपरेशन बघणं सहन होईना म्हणून ते सोडलं. मग धर्मगुरू होण्यासाठी केंब्रिज. तिथे अभ्यास कमी आणि भुंगेरे गोळा करणं जास्त. एकदा दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, तर याने हातातला एक सरळ तोंडात टाकला! त्याने जिभेवर तिखटजाळ द्रव सोडला आणि सगळं थुंकावं लागलं. केंब्रिजमध्ये त्याचा आणि मित्रांचा एक क्लबही होता. कोणी सहसा खात नाही असे पक्षी रांधून खायचे, एवढाच उद्योग. ससाणा झाला, बगळ्याच्या जातीतला एक पक्षी झाला. शेवटी म्हाताऱ्या घुबडावर गाडी अडली आणि क्लब बंद पडला.

मग ‘बीगल’ जहाजावर निसर्ग अभ्यासक म्हणून जाण्याची संधी आली. वडील आधी नाहीच म्हणाले. मामा मध्ये पडले तेव्हा कुठे परवानगी मिळाली. (मामा लोक तिकडेही कामाला येतात.) 27 डिसेंबर 1831 ला जहाज निघालं आणि हा बोट लागून आडवा! कित्येक दिवस मनुक्यांशिवाय पोटात फारसं काही टिकेना.

जमिनीवर उतरल्यावर मात्र गडी खुलला. आजच्या अर्जेंटिनातल्या गवताळ मैदानांत, पंपासमध्ये, तो गाउचो म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांबरोबर फिरला. उघड्यावर झोपायचं आणि सलग कित्येक दिवस फक्त मांस खायचं. ना पाव, ना भाजी. आर्माडिलो हा अंगावर चिलखत असलेला प्राणी, आपल्या खवले मांजराची आठवण करून देणारा. गाउचो तो कवचासकट निखाऱ्यावर भाजायचे. डार्विनला त्याची चव बदकासारखी लागली. एका रात्री जेवताना कोणीतरी काहीतरी बोललं आणि याला वाटलं, आपण जन्मालाही न आलेलं वासरू खातोय. घास तोंडातच अडकला. निघाला प्यूमा, म्हणजे तिथला मोठा रानमांजर-वाघ. चव वासराच्या मांसासारखी होती, हे त्याने लिहूनही ठेवलं.

आता खरी गोष्ट. पंपासमध्ये रिया नावाचा शहामृगासारखा मोठा पक्षी सगळीकडे दिसायचा. पण दक्षिणेकडे रिओ नेग्रो नदीपाशी गाउचो पुन्हा पुन्हा दुसऱ्याच एका रियाबद्दल सांगायचे: आकाराने लहान, रंगाने गडद, पाय आखूड आणि त्यावर खालपर्यंत पिसं. डार्विनने ते कान देऊन ऐकलं होतं. 1833 चा नाताळ बीगलने आणखी दक्षिणेला, पोर्ट डिझायर इथे काढला. त्या मुक्कामात जहाजावरच्या चित्रकाराने, कॉनरॅड मार्टेन्सने, एक रिया मारून आणला. डार्विनने पाहिला आणि नेहमीच्याच रियाचं अर्धवट वाढलेलं पिल्लू समजून सोडून दिला. पक्षी सोलला गेला, शिजला, खाल्ला गेला. आणि मग याची ट्यूब पेटली. अरे, हाच तर तो!

विचार करा काय झालं असेल. मोबाईल नाही, फोटो नाही. डार्विनने उरलंसुरलं गोळा केलं. डोकं, मान, पाय, पंख, मोठी पिसं आणि कातड्याचा बराचसा भाग हाती लागला. ते लंडनला गेलं आणि 1837 मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने ती वेगळी जात असल्याचं सांगून तिला डार्विनचं नाव दिलं. (गंमत म्हणजे त्याच पक्ष्याला एका फ्रेंच अभ्यासकाने आधीच नाव दिलं होतं, म्हणून शास्त्रीय नावात डार्विन राहिला नाही. इंग्रजीत मात्र तो आजही डार्विनचा रियाच आहे.) इतक्या सारख्या दोन जाती एकमेकींच्या शेजारी, एक संपते तिथे दुसरी सुरू, असं का? हा प्रश्न त्याच वर्षी डार्विनच्या वहीत आला.

एवढं झाल्यावर माणूस सावध होईल ना? छे! 1835 मध्ये गॅलापागोस बेटांवर तिथल्या उपराज्यपालाने त्याला सांगितलं, की कासव बघून ते कुठल्या बेटावरचं हे मी ओळखतो. डार्विनने आधी फारसं लक्षच दिलं नाही. तो कासवांच्या पाठीवर बसून बघत होता, भाजलेलं कासव आणि पिल्लांचं सूप चापत होता. जहाजावर भरलेली कासवंही खलाशांनी खाल्ली आणि पाठी समुद्रात फेकल्या. कुठल्या बेटावर कशी पाठ, याचा पुरावाच पाण्यात! फिंच पक्षीसुद्धा बेटांप्रमाणे वेगळे ठेवले नव्हते. घरी आल्यावर जहाजावरच्या इतरांचे नमुने मागून ताळा जमवावा लागला. वाचवलं ते मॉकिंगबर्ड पक्ष्यांनी, कारण त्यांच्यावर बेटांची नावं होती.

1836 मध्ये तो परतला आणि पुन्हा कधीच परदेशी गेला नाही. 1839 मध्ये एमाशी लग्न झालं, पुढे केंटमधल्या गावात संसार, 1859 मध्ये ते जग हलवणारं पुस्तक. 1882 मध्ये गेला, तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. पण परतल्यानंतरची बरीचशी वर्षं पोटाच्या दुखण्यात गेली. उलट्या, मळमळ, डॉक्टर बदलून बदलून उपचार. नेमका आजार कोणता, यावर अजून वाद आहेत. प्यूमा आणि आर्माडिलो पचवलेल्या या माणसासाठी एमाच्या पाककृतींच्या वहीत साध्या पुडिंगांची पानंच्या पानं भरलेली आहेत.