कनू गांधींचा कॅमेरा

महात्मा गांधींचे छायाचित्र पाहिले नाही, असा विद्यार्थी आपल्या देशात सापडणे कठीण. पण ते कोणी काढले, हे सहसा कोणी विचारत नाही. १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत गांधीजींजवळ राहून ज्यांनी त्यांची छायाचित्रे काढली, त्यांचे नाव कनू गांधी.

कनूभाईंचा जन्म १९१७ साली झाला. त्यांचे वडील नारणदास हे गांधीजींचे चुलत पुतणे. नारणदास साबरमतीच्या आश्रमाची व्यवस्था पाहत असत, म्हणून कनूभाईंचे बालपण आश्रमातच गेले. जुहूच्या वाळूत गांधीजींची काठी ओढत पुढे चाललेल्या लहान मुलाचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. त्या मुलाचे नावही कनूच. पण तो गांधीजींचा सख्खा नातू, रामदास यांचा मुलगा. पुष्कळ लोक या दोघांची गल्लत करतात.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या लहान खेड्यात राहायला गेले. पुढे १९४० मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. कनूभाई तेथे पत्रव्यवहार आणि हिशेब ही कामे करीत. विनोबा भावे यांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना छायाचित्रे काढण्याचा नाद लावला. कनूभाईंनी गांधीजींकडे कॅमेरा मागितला. आश्रमाजवळ अशा कामासाठी पैसा नव्हता, आणि गांधीजींनी तसे स्पष्ट सांगितले. पुढे उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले. त्यांतून कनूभाईंनी रोलिफ्लेक्स नावाचा जर्मन कॅमेरा आणि फिल्म घेतली.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश, म्हणजे झगमगीत दिवा, वापरायचा नाही. मला अमुक ठिकाणी बसा, इकडे पाहा, असे सांगायचे नाही. आणि खर्चासाठी आश्रमाकडे यायचे नाही. तिसरी अट कनूभाईंनी वृत्तपत्रांना छायाचित्रे विकून पाळली. पहिल्या दोन अटी मात्र फार अवघड होत्या. त्या का अवघड, हे कळण्यासाठी आपल्याला कॅमेऱ्याच्या भिंगाकडे वळले पाहिजे. उर्दूत ज्याला अदसा म्हणतात, तेच हे भिंग.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही भिंगाचे नाभीय अंतर शिकता. दूरच्या वस्तूचे किरण भिंगातून जाऊन जेथे एकत्र येतात, तेथपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. ते कमी असेल, तर चित्रात पुष्कळ जागा मावते. ते जास्त असेल, तर थोडीच जागा येते, पण दूरची वस्तू मोठी दिसते. समजा, रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावर तुमचा मित्र उभा आहे. कमी नाभीय अंतराचे भिंग लावले, तर मित्र, सुरूची झाडे आणि समुद्र असे सारे एका चित्रात येईल. नुसता चेहरा हवा असेल, तर त्याच्या तोंडाजवळ जावे लागेल. आणि फार जवळून चेहरा टिपला, की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. म्हणून चेहरे टिपणारे लोक लांब नाभीय अंतराचे भिंग घेऊन चार पावले मागे उभे राहतात. लायकासारख्या लहान कॅमेऱ्यावर ते ९० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग पसंत करतात. फरक पडतो तो खरे तर अंतरामुळे. भिंग फक्त दूर उभे राहण्याची सोय करून देते.

कनूभाईंना ही सोय नव्हती. रोलिफ्लेक्सचे भिंग ७५ मिलिमीटरचे. त्याची फिल्म मोठी असल्यामुळे ते लांबचे नव्हे, साधारण नजरेसारखेच काम करते. शिवाय ते काढून दुसरे बसवता येत नाही. चेहरा मोठा हवा, तर आपणच पुढे सरकायचे. पण समोरचा माणूस लिहीत आहे, सूत कातत आहे, पाहुण्यांशी बोलत आहे. त्याचे काम मोडता कामा नये. एका गोष्टीचा मात्र फायदा होता. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाजवळ धरून वरून काचेत पाहतात. गांधीजी जमिनीवर बसत, आणि कनूभाईंनाही कॅमेरा खाली धरून त्यांच्या बरोबरीने बसता येई.

प्रकाशाची अडचण याहून मोठी होती. मातीच्या कुटीत उजेड थोडा. फ्लॅश नसेल, तर झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात माणूस हलला की चित्र पुसट होते. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे चित्र काढायला आल्या. त्यांना तीन वेळा फ्लॅश वापरू दिला होता. घरच्या कनूला एकदाही नाही!

तरी याच कॅमेऱ्याने कनूभाईंनी परचुरे शास्त्रींचे चित्र टिपले. शास्त्री संस्कृतचे पंडित होते. त्यांना कुष्ठरोग झाला होता, आणि त्या काळी अशा रोग्याच्या जवळही कोणी जात नसे. सेवाग्राममध्ये गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करीत. माझ्या मते कनूभाईंच्या साऱ्या चित्रांत हेच श्रेष्ठ. त्यात कोणी कॅमेऱ्याकडे पाहून बसलेले नाही.

१९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा कैदेत आजारी पडल्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी सरकारने कनूभाईंना आत राहू दिले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. कनूभाई जवळच होते. पण त्या अखेरच्या वेळेचे चित्र काढू नये, असे गांधीजींनी सांगितले, आणि कनूभाईंनी ते काढले नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींना भेटले. त्यांचा कॅमेरा लायका. तेही बहुतेक ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर काम करीत आणि फ्लॅश टाळत. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. तेव्हा कनूभाईंच्या पत्नी आभाबेन गांधीजींच्या शेजारी चालत होत्या. कनूभाई स्वतः दूर बंगालमधील नोआखालीत गांधीजींनी सोपवलेले काम करीत होते.

पुढे कनूभाई आणि आभाबेन राजकोटजवळच्या त्रंबा गावी कस्तुरबाधाम ही संस्था चालवू लागले. १९८६ मध्ये कनूभाई वारले. त्यांच्या निवडक चित्रांचे मोठे पुस्तक २०१५ साली दिल्लीत प्रसिद्ध झाले.